सड्यावरच्या केराचा कौल

आमच्या गावात लोकशाही पहिल्यांदा जीपमधून आली. त्याआधी ती मतपेटीतून येऊन गेली होती, पण तेव्हा तिच्यासाठी कोणी कमान उभारली नव्हती. जीपसाठी उभारली. आंब्याचे टाळ, झेंडूच्या माळा आणि शाळेच्या फळ्यावर खडूने ‘सुस्वागतम्’. तळेऱ्याहून आत वळल्यापासून धूळ खात आलेले साहेब कमानीखाली उतरले, तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा तांबड्या झाल्या होत्या. त्यांना आधी तोंड धुवायला पाणी दिलं आणि मग हार घातला. हा क्रम काकीने सुचवला होता. तिला साहेबांची काळजी नव्हती, हार खराब होईल याची होती. झेंडू तिच्या परसातला होता.

ही साठच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचा. मी मालवणच्या हायस्कुलात शिकवत असे आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की गावाची वाट धरत असे. गावात माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं, ही काकी. काका तरुणपणीच गेले होते, मूलबाळ नव्हतं. तिच्या मालकीचं होतं ते सड्याच्या पायथ्याचं एक कुणग्याएवढं, लहानसं शेत. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसात त्यावर हिरवळ आणि रानफुलं, एरवी नुसता काळा कातळ. त्या कातळाच्या पोटातून एक झरा फुटायचा आणि काकीच्या शेताच्या वरच्या बांधाशी बाहेर यायचा. पावसाळी भात सगळ्यांचंच व्हायचं. पण दिवाळीनंतर दुसरं भात, ज्याला आमच्याकडे वायंगण म्हणतात, ते त्या वाडीत एकट्या काकीचं व्हायचं, कारण पाणी तिच्या दारात होतं. पावसाळी भात सणावारात आणि देणी फेडण्यात जायचं. वर्षभर पेज होई ती वायंगणाची.

साहेब आले होते सड्यासाठी.

आधी महिनाभर काही माणसं सड्यावर फिरून, पांढऱ्या रंगाचे दगड रोवून गेली होती. ते दगड रस्त्याचे असावेत असं गावाने ठरवून टाकलं होतं, कारण गावाला रस्ता हवा होता. साहेबांनी देवळाच्या सभामंडपात उभं राहून खुलासा केला. देश अणुशक्तीच्या मार्गाने चालला आहे. मुंबईजवळ त्याचं मोठं काम सुरू आहे. त्या कामातून काही ‘अवशिष्ट पदार्थ’ निघतात. ते सुरक्षित ठिकाणी, लोकवस्तीपासून दूर, खडकात साठवून ठेवावे लागतात. आमचा सडा त्या दृष्टीने अत्यंत योग्य वाटतो. राष्ट्राच्या उभारणीत आमच्या गावाला ही संधी मिळते आहे.

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली आहेत. ज्या भाषणात ‘संधी’ हा शब्द येतो त्यात ती सहसा दुसऱ्याची असते.

‘अवशिष्ट पदार्थ’ म्हणजे काय, हे पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने विचारलं. त्याने सगळी उमर समुद्रात, मचव्यावर काढली होती आणि न समजलेल्या गोष्टीला मान डोलावणं त्याला जमत नसे. साहेबांनी सांगितलं: वापरलेले हातमोजे, चिंध्या, फुटक्या काचा, पंपाचे भाग, राख.

“म्हणजे केर,” तांडेल म्हणाला.

“एका अर्थी.”

“आमचे झिल मुंबैन न्हेल्यान गिरणीत. आता केर धाडता. बरां आसा. कायतरी परत येता!”

सभामंडप हसला. साहेबही हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मला सांगायला हवं. मराठी स्वच्छ बोलत, प्रश्नाला उत्तर देत, आणि ज्याचं उत्तर नसे त्यालाही देत. त्यांनी सोबत एक नमुन्याचं पिंप आणलं होतं. लोखंडी, आतून सिमेंटचा थर दिलेलं, बाहेरून करडा रंग. ते चार माणसांनी उचलून देवळात आणून ठेवलं. असल्या पिंपात भरून, खडकात पुरून, वरून सिमेंट ओतून, कुंपण घालून, पहारा ठेवायचा. पहारा किती दिवस, असं कोणीतरी विचारलं.

“तुमच्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत,” साहेब अभिमानाने म्हणाले.

“विजयदुर्गारय पहारो होतो,” तांडेल म्हणाला. “थंय आता शेरडां चरतत.”

साहेब पुढे म्हणाले, “हे लक्षात घ्या, लोकशाही आहे. तुमच्या संमतीशिवाय इथे काहीही होणार नाही.”

“आणि संमती दिली नाही तर?” मी विचारलं.

“तर आम्ही पुन्हा येऊन समजावून सांगू.”

काकी मागे, खांबाशी, बायकांच्या घोळक्यात उभी होती. साहेबांनी खडकात साठवायचं म्हणताच तिने मला मागे बोलावून बजावलं होतं. “झिला, तू तुझा बामणी बोलणा बोलतंस, तुझा तो ऐकतलो. माझो एकच प्रश्न आसा. तो इचार. वर भोक मारलेत तर माझा पाणी खंय जातला?”

मी तो प्रश्न प्रमाण मराठीत नेसवून साहेबांपुढे उभा केला. सड्याच्या खडकातून झिरपणारं पाणी पायथ्याच्या झऱ्यातून बाहेर येतं. खोदकामाने त्याचा मार्ग बदलला, किंवा पुरलेल्या वस्तूंशी त्याचा संबंध आला, तर काय?

साहेब म्हणाले, “उत्तम प्रश्न.”

पाण्याची शास्त्रीय तपासणी होईल. सर्व बाबींचा विचार होईल. जगात पुढारलेल्या देशांतही असंच केलं जातं. मी पुन्हा विचारलं, तेव्हा पुन्हा म्हणाले, ‘उत्तम प्रश्न.’ मी मागे वळून पाहिलं. काकी माझ्याकडे बघत होती. उत्तर मिळालं की नाही, हे तिला माझ्या तोंडावरून समजायचं होतं. मी नकारार्थी मान हलवली. तिने पदर सारखा केला.

मग संमतीचा प्रश्न आला. साहेबांना वाटलं होतं हात वर करतील. पण आमच्या गावात हात वर करून काही ठरत नसे. विहीर कुठे खणायची, जत्रा कधी धरायची, शिकारीला कधी निघायचं, सगळं ग्रामदेवाला विचारून, म्हणजे कौल लावून. देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवीकडची आधी गळली तर होकार, डावीकडची गळली तर नकार. लावतो गुरव, विचारतो मानकरी. मुख्य मानकरी आणि सरपंच हे एकच गृहस्थ होते. सरपंचपणाला तेव्हा चारपाच वर्षं झाली होती, मानकरीपणाला चारपाच पिढ्या.

मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने, एका दमात मांडलेलं गावाचं मागणं. त्याच्या प्रत्येक टप्प्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमा झाली हत...”

“व्हय म्हाराजा!”

“मुंबैसून सायब इले हत, तेंका सड्यार केर ठेवचो आसा...”

“व्हय म्हाराजा!”

साहेब चमकले. त्यांचा कारकून भराभर लिहू लागला. आपली योजना इतक्या एकमुखाने मान्य झालेली त्यांनी आजवर कुठे पाहिली नसावी. मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं की हा होकार नाही, ही देवाला दिलेली साद आहे. ते म्हणाले, “पण ‘होय’ असंच म्हणताहेत ना?” मी म्हटलं, “म्हणताहेत.”

पहिला प्रश्न सरळ होता. सड्यावर हा केर ठेवावा, अशी तुझी मर्जी आहे काय? गुरवाने पाकळ्या लावल्या. सगळे गाभाऱ्याकडे बघत राहिले. डावी गळली.

मंडपातून सुस्कारा उठला. तांडेलाने हात जोडले. काकीने जोडलेले हात कपाळाला लावले, आणि मला वाटलं, संपलं हे.

साहेबांनी मानकऱ्यांना हळूच विचारलं, “पुन्हा विचारता येतं का?”

येतं. कौलात तशी सोय आहे. प्रश्न नीट मांडला गेला नसेल तर तो दुरुस्त करून विचारावा, असा रिवाज आहे. आणि सभेआधी मानकऱ्यांच्या ओटीवर साहेबांनी सड्यापर्यंत डांबरी रस्त्याचा विषय काढला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. रस्ता मानकऱ्यांना एकट्याला नको होता. तो मलाही हवा होता. आजारी माणसाला खुर्चीत बसवून डोंगर उतरवणारं गाव होतं ते.

दुसऱ्यांदा विचारलं: केराचं राहू दे, पण सरकारच्या माणसांनी सडा तपासायला तुझी हरकत नाही ना? पाकळ्या बराच वेळ तशाच राहिल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग पुन्हा डावी गळली.

तिसऱ्यांदा मानकरी थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले. मग खणखणीत आवाजात म्हणाले, “बा म्हाराजा, सरकारी कामात काय इघ्न येव नये, आणि तुझ्या लेकरांचा, गुराढोरांचा, गावाचा सगळा बरां व्हावा, ह्याक तुझी मान्यता आसा मां?”

“व्हय म्हाराजा!”

उजवी गळली. साहजिक होतं. गावाचं बरं व्हावं याला कुठला देव नकार देईल? मला विचारलं असतं तर मीही उजवाच कौल दिला असता.

साहेबांनी देवाला नमस्कार केला आणि कारकुनाला काहीतरी सांगितलं. ग्रामस्थांबरोबर देवतेचीही संमती मिळालेलं ते बहुधा देशातलं एकमेव काम ठरलं असेल. सरबत घेऊन जीप गेली. पिंप राहिलं. ‘पुढच्या खेपेस नेऊ,’ म्हणाले.

घरी गेल्यावर मी काकीला विचारलं, “तू पण ‘व्हय म्हाराजा’ म्हटलंस?”

“मगे?”

“तुला तर नको होतं.”

“नको होता. पण गाराण्यात ‘नाय म्हाराजा’ असा कोण म्हणता काय रे? कधी आयकलंस?” तिने चुलीत लाकूड सारलं. “आणि माझो प्रश्न तर देवाक कोणी इचारल्यानच नाय. केराचा इचारल्यांनी, सडो बगूचा इचारल्यांनी, गावाच्या बऱ्याचा इचारल्यांनी. पाण्याचा कोण बोल्लो?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती मला घेऊन मानकऱ्यांच्या घरी गेली. ओटीवर चढली नाही, खळ्यात, म्हणजे अंगणातच, उभी राहिली. म्हणाली, “भावोजी, माझ्या पाण्याचो एक कौल लावा.”

मानकरी दूरच्या नात्याने तिचे दीर लागत. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. “वयनी, देवाक एकाच गोष्टीर किती येळा इचारूचा? शोबता काय?”

“काल तीनदा विचारलंत,” मी म्हटलं.

“मास्तर, ते गावाचे प्रश्न. ह्यो वयनीचो एकटेचो.” मग जरा मऊ होऊन म्हणाले, “वयनी, रस्तो झालो की तुमकाच बरां. कशाक भियतात?”

परतताना काकी म्हणाली, “माका रस्तो घेवन जावचा खंय आसा?”

पावसाळा संपल्यावर यंत्र आलं. बैलगाड्यांवरून, तुकड्यातुकड्यांनी, कारण रस्ता अजून व्हायचा होता. सड्यावर त्याची धडधड सुरू झाली ती खाली वाडीत जमिनीतून पायांना जाणवायची. काकीच्या फडताळातल्या बरण्या एकमेकींवर वाजायच्या. कातळात खोल, सरळ भोकं पाडत होते. वर आलेले दगडाचे लांबट, गोल तुकडे लाकडी खोक्यांत ओळीने मांडून ठेवत. काकी शेतात जाता-येता वर चढून ती खोकी बघून यायची. कोणी तिला हटकलं नाही. तिनेही कोणाला काही विचारलं नाही.

तिने नेहमीसारखं वायंगण लावलं. रोपं धरली, हिरवी झाली. पौषात एका शनिवारी मी आलो तर ती वरच्या बांधावर बसलेली. झऱ्याच्या तोंडाशी ओल होती, पण धार नव्हती. शिमग्यापर्यंत वाहणारं पाणी होतं ते. तिने बोट घालून दाखवलं, जणू बरणीच्या तळाशी तेल आहे की नाही ते दाखवावं तसं.

“आटत इला,” ती म्हणाली. “चार दिस बगतंय.”

आम्ही घागरींनी पाणी घातलं. शेतकी कामाचा माझा आवाका एवढाच होता. शेजारणीही आल्या. पण भात घागरीवर पोसत नाही. दाणा भरायच्या आधीच पातं पिवळं पडलं आणि काकीने ते कापून गाईला घातलं.

मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. तिथे मालवणीत बोललं की वाट बघावी लागते, म्हणून मी माझं सगळ्यात कडक मराठी काढलं. तरी वाट बघावी लागलीच. कारकून म्हणाले, “आपल्या गावाची संमती आहे.” मी म्हटलं, संमती गावाचं बरं व्हावं याला होती, पाणी न्यायला नव्हती. ते म्हणाले, तपासणीने पाणी जात नाही. मग कोणी येऊन पाहील का? येतील.

आश्चर्य म्हणजे आले. एक तरुण भूगर्भशास्त्रज्ञ, उन्हाने सोललेल्या नाकाचा. त्याने झऱ्याच्या ओलीत बाटली दाबून दाबून थोडं पाणी गोळा केलं, उजेडात धरलं आणि सांगितलं की पाणी उत्तम आहे.

“चांगलाच आसा,” काकी म्हणाली. “पण खंय आसा?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्याला वाईट वाटलेलं दिसलं. म्हणाला, जांभा दगड भोकाभोकांचा असतो, त्यातलं पाणी आपली वाट बदलतं. खोदण्याने बदललं असेल, नसेलही. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला की आपोआपही बदलतं. सिद्ध करता येणार नाही.

“आणि ते भोक बुजवलं तर?” मी विचारलं.

“तर ते परत येईल असंही सांगता येणार नाही.”

इतकं प्रामाणिक उत्तर त्या सगळ्या प्रकरणात मला दुसऱ्या कोणी दिलं नाही. त्याचा उपयोगही काही नव्हता.

त्यानंतर यंत्र गेलं. तुकड्यातुकड्यांनी आलं तसंच. भोकांभोवती कुंपण घालून मागे ठेवलेला पहारेकरी शिमग्याला घरी म्हणून गेला आणि परतला नाही. कुंपणाची तार कोणाकोणाच्या मांडवाला लागली. केर आला नाही, आणि का आला नाही हे कळवायलाही कोणी आलं नाही. दुसऱ्या एखाद्या गावाने जास्त चांगली संमती दिली असावी. रस्ताही राहून गेला. मानकरी तो विषय निघाला की सुपारी कातरायचे. गावाने अर्थ लावला तो असा, की देवाने केर अडवला. देवाचा तिसरा कौल खरा ठरला, गावाचं बरंच झालं! जत्रेत यासाठी वेगळा नारळ फुटला.

पिंप देवळाच्या आवारात तसंच होतं. ते रिकामं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यात कोणी तांदूळ भरले नाहीत की पाणी साठवलं नाही. त्यावर गुरवाच्या कोंबड्या बसत.

पुढच्या दिवाळीनंतर वायंगणाची वेळ आली. झरा पावसात वाहिला होता, पण दिवाळीतच त्याची धार करंगळीएवढी झाली होती. बी टाकायचं, की कांडून खायचं, हे ठरवायचं होतं. बी टाकलं आणि पाणी गेलं तर खायचं भात शेतात वाळून जाणार. नाही टाकलं तर उन्हाळ्यात खायला काही नाही. मी म्हटलं, मी आहे ना मालवणात, तांदूळ पाठवीन. ती म्हणाली, “धाडशीत रे. तू धाडशीत म्हणून मी शेत सोडू?”

त्या रविवारी दुपारी ती गुरवाकडे गेली. मानकऱ्यांना विचारलं नाही. गुरव म्हातारा, भिडस्त माणूस. मानकऱ्याशिवाय कौल लावत नाहीत, हे त्याने तीनदा सांगितलं आणि मग फुलं खुडायला गेला. देवळात आम्ही तिघंच. पिंपावरच्या कोंबड्या तेवढ्या माना वाकड्या करून बघत होत्या.

गाऱ्हाणं काकीनेच घातलं. तिच्या तोंडून ते अगदी छोटं झालं.

“म्हाराजा, माझा पाणी ह्या वर्सा रवतला काय? तेवढाच सांग.”

‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणी नव्हतं. गुरवाने माझ्याकडे पाहिलं. माझा या प्रकारावर विश्वास नव्हता आणि नाही. पण ती शांतता फार वाईट होती, म्हणून मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

पाकळ्या लावल्या. आम्ही बसून राहिलो. उजवी हलत नव्हती, डावी हलत नव्हती. गुरवाने एकदा वाती सारल्या, एकदा बाहेर जाऊन गाय बांधून आला. ऊन सभामंडपातून सरकत बाहेर गेलं. काकी मांडी घालून, हात गुडघ्यांवर ठेवून, डोळ्याची पापणी न हलवता बघत होती.

“म्हाराज इचार करता,” गुरव हळूच म्हणाला.

“होय,” काकी म्हणाली. “ह्योय आता सरकारी झालो.”

तिन्हीसांज झाली. दिवाबत्ती करून गुरवाला गाभारा बंद करायचा होता. पाकळ्या काढू काय, असं त्याने विचारलं.

“रवांदेत,” ती म्हणाली. “तेका घाई नको करूया.”

सकाळी मालवणला निघण्याआधी मी तिच्याबरोबर देवळात गेलो. गुरव दाराशीच उभा होता, हातात निर्माल्याची परडी. दोन्ही पाकळ्या खाली पडल्या होत्या, पाषाणाच्या पायाशी, शेजारी शेजारी. आधी कुठली गळली, ते पाहायला कोणी नव्हतं.

काकीने वाकून त्या पाहिल्या, उचलल्या नाहीत. नमस्कार केला आणि बाहेर आली. घरी येऊन तिने बियाण्याची मुडी माळ्यावरून खाली काढली, गवताचा पीळ सोडला, आणि बियाणं उखळात ओतून कांडायला बसली.